फ्लॉपीला लावलेलं कुंकू

ही हकिकत मी आजवर निदान सात तऱ्हांनी सांगितली आहे. एकदा ती उंदरांवर ढकलली, एकदा विजेवर. हिंडलग्याच्या चहाच्या गाड्यावर तर मी एक नागच आणला होता. तो म्हणे कॉम्प्युटरच्या उबेला येऊन बसला आणि जाताना फ्लॉप्यांवरून सरपटत गेला. ऐकणाऱ्यांतल्या दोघांनी तिथल्या तिथं हात जोडले होते. आता मी निवृत्त होऊन बसलोय, गाड्यावरची मंडळी एकेक करून कमी झाली आणि जी उरली आहेत त्यांना सातही तऱ्हा पाठ आहेत. तेव्हा आठवी सांगतो. ही खरी आहे, त्यामुळं हिच्यात नाग नाही.

मी मूळचा निपाणीचा. तंबाखूच्या वखारीला पाठ लावून आमची खोली होती. आमच्या गल्लीत मांजरं शिंकायची, कावळे खोकायचे आणि पाव्हणा आला की त्याला आधी रुमाल द्यायचे, मग पाणी. आई वखारीत कामाला होती. बेळगावच्या वाचनालयात मला नोकरी लागली त्याच वर्षी ती गेली. थोरला भाऊ इचलकरंजीला, त्याला त्याचा संसार पुरे. माझं लग्न तीनदा ठरता ठरता राहिलं आणि चौथ्यांदा ठरवायलाच कुणी उरलं नाही. हिंडलग्यात तुरुंगापासून हाकेच्या अंतरावर मी एक खोली घेतली. संध्याकाळी आतली घंटा झाली की मला कळायचं, आता माणसं मोजली जात असतील. मी लोकांना सांगायचो, भिंतीपलीकडच्यांना महिन्याला भेटायला येणारी माणसं माझ्या दुप्पट आहेत. लोक हसायचे. मीही हसायचो, मग खोलीवर जाऊन स्टोव्ह पेटवायचो. वाचायला बसलो तर मोठ्यानं वाचायचो, खोलीत आवाज असावा म्हणून.

वाचनालय शहरातलं जुनं, मराठी. त्यात मी मदतनीस आणि आप्पा ग्रंथपाल. आप्पा येळ्ळूरचे, शेतकरी घरातले. पहाटे गुरांचं आवरून सकाळच्या बसनं यायचे. एका हातात डबा, दुसऱ्या हातात छत्री, डोक्यावर टोपी. चाळीस वर्षं त्यांनी ती पुस्तकं सांभाळली होती. त्यांचे डोळे बांधून कुठल्याही कपाटापुढं उभं केलं असतं तर नुसत्या वासावर त्यांनी कपाटाचा नंबर सांगितला असता. मी तर एकदा पाहिलंय, एक पुस्तक चुकीच्या फळीवर ठेवलं होतं आणि आप्पा खोलीत शिरताच ते आपण होऊन जरा पुढं सरकलं. हे मी गाड्यावर सांगायचो तेव्हा पुस्तक उडी मारायचं. इथं लिहायचं म्हणून नुसतं सरकवलं.

आप्पांचा सगळा जीव एका लाकडी कपाटात होता. त्याला छोटे छोटे बहात्तर खण, प्रत्येक खणात पत्ते लावावेत तशी कार्डं, आणि ती पडू नयेत म्हणून खालून घातलेली पितळी सळई. एका पुस्तकाला एक कार्ड. सगळी आप्पांच्या अक्षरातली, निळ्या शाईची, जुनी झालेली जांभळट. कुणी पुस्तक मागितलं तर कार्ड बघायची गरज आप्पांना नव्हती, पण ते खण ओढायचेच. म्हणायचे, "त्याला बी बरं वाटतंय."

अशात कॉम्प्युटर आला. एका फाउंड्रीवाल्या सभासदाच्या कारखान्यात नवीन आला, म्हणून जुना त्यांनी आम्हाला दिला. टेम्पोतनं आणला, वर घोंगडं घालून, दवाखान्यातून माणूस आणावा तसा. चौघांनी उचलला आणि बाकीचं निम्मं शहर "सावकाश, सावकाश" म्हणायला गोळा झालं होतं. दुर्मिळ ग्रंथांची खोली रिकामी करून तिथं त्याची स्थापना झाली. दाराबाहेर चपला काढायच्या, खिडकीला पडदा, आत धूळ नको म्हणून दार कायम लावलेलं. अध्यक्षांच्या पत्नीनं त्याला झालर लावलेला अभ्रा शिवला. पंखा एकच होता, तो त्याच्याकडं तोंड करून. उन्हाळ्यात आम्ही दोघं घामानं निथळायचो आणि ते यंत्र मात्र महाबळेश्वरला असल्यासारखं बसायचं. काळ्या काचेवर हिरवी अक्षरं. वाचनालयातली बायामाणसं दारातून वाकून बघून जायची. एका आजीनं तर नमस्कार केला आणि विचारलं, "ह्येला जेवायला काय घालता?"

शिकवायला हुबळीहून एक तंत्रज्ञ आला होता. त्याला मराठी बेताचं, मला कानडी बाजारापुरतं, आणि यंत्राला दोन्ही येत नव्हतं. सीमाभागात पाट्यांवरून सगळं आयुष्य भांडण्यात गेलेलं. ह्या पठ्ठ्यानं एका दिवसात आम्हा सगळ्यांना इंग्रजी अक्षरांत बसवलं. यंत्राला स्वतःची आठवण अशी नव्हती. जे काही लिहायचं ते फ्लॉपीवर. फ्लॉपी म्हणजे काळी, चौकोनी, पापडासारखी लवलवणारी चकती, तळहाताहून मोठी. तिला एका बाजूला लांबट भोक होतं, त्यातून आतली तपकिरी तबकडी दिसायची. त्या भोकावर बोट नेत, पण न टेकवता, तो म्हणाला, "इल्लि मुट्टबॅड्री." इथं हात लावायचा नाही. मग हिंदीत सांगितलं. मग मोडक्या मराठीत. मग माझ्या नाकापुढं बोट हलवून सांगितलं. प्रत्येक फ्लॉपीची एक नक्कल काढून वेगळी ठेवायची, हेही सांगितलं. सगळं मला स्वच्छ कळलं होतं. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढं मी सगळ्यांना सांगितलं ते वेगळं.

अध्यक्ष पेशानं वकील, बोलणं शुद्ध. त्यांनी बैठकीत जाहीर केलं, "कार्डांवरचं सगळं संगणकात जाईल. मग हे कपाट माळ्यावर ठेवू. आप्पांचं वय होऊन दोन वर्षं झाली, पण तेवढं काम होईपर्यंत त्यांनी थांबावं अशी विनंती आहे. शेवटचा खण संपला की शाल-श्रीफळ देऊन निरोप देऊ."

टाळ्या झाल्या. मी बहात्तर खणांकडं बघत होतो. ते संपेपर्यंतचेच दिवस माझ्याकडं उरले होते.

काम असं चालायचं. आप्पा खण आणून मांडीवर घ्यायचे, सळई काढायचे आणि एकेक कार्ड मोठ्यानं वाचायचे. मी टाइप करायचो. पुस्तकाचं नाव, लेखक, विषय, कपाट, फळी. शेवटी एक जागा होती 'शेरा' म्हणून. फाटलं आहे, हरवलं आहे, असं काही लिहायला. पन्नासेक अक्षरं मावायची. पहिल्याच दिवशी आप्पांनी विहिरी खोदण्याच्या पुस्तकाचं कार्ड वाचलं आणि जरा थांबले.

"हे आमच्या गावच्यानं नेलतं. वाचून विहीर खणली बघ. पाणी लागलं न्हाय. परत आणून दिलं आन् म्हणाला, आप्पा, पुस्तकात लई पाणी हाय, रानात न्हाय."

मी शेऱ्यात लिहिलं : विहीर खणली, पाणी नाही.

"काय लिवलास रं?"

"शेरा, आप्पा."

"ते लिवायचं असतंय व्हय?"

"जागा हाय की मोकळी."

आप्पांनी काचेकडं पाहिलं. हिरव्या परक्या अक्षरांत त्यांच्या गावची कोरडी विहीर उभी होती. ते पोटात हसले. आप्पांचं हसणं तोंडावर कधी यायचं नाही, नुसतं पोट हलायचं. दुसरं कार्ड त्यांनी वाचलं आणि न विचारता त्याचीही गोष्ट सांगितली.

तेव्हापासून दर कार्डामागं कोणीतरी माणूस निघायला लागलं. मधमाश्यांच्या पुस्तकातून एक पोस्टमन निघाला, तोंड सुजलेला. प्रवासाच्या पुस्तकातून एक शिक्षक निघाले, जे निवृत्तीनंतर काशीपर्यंत जायचं म्हणून नकाशे पाठ करत होते आणि शहराच्या वेशीवरल्या पिरनवाडीच्या पुढं कधी गेले नाहीत. एका कादंबरीचं कार्ड आलं. ती एक बाई दर श्रावणात न्यायच्या, सतरा वर्षं. त्या गेल्यावर त्यांचे यजमान आले, तेच पुस्तक मागितलं. "घरी न्हेत न्हाय म्हणाले," आप्पा सांगत होते. "हितंच बसले सगळा दिवस. आन् ठेवून गेले. कुठल्या पानापतोर वाचलं कुणाला ठावं." मी शेऱ्यात लिहिलं : यजमान आले, इथंच बसले.

दुपारी डबा. आप्पांच्या डब्यात दोन भाकऱ्या असायच्या असं मी म्हणणार नाही, चार असायच्या. दोन माझ्या, हे त्यांनी कधी म्हटलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. माझ्या आयुष्यात रोज माझ्याशी कुणी सात तास बोलत होतं ते त्या वर्षात. खोलीवर गेल्यावर मी मोठ्यानं वाचायचं सोडून दिलं होतं. गरजच उरली नव्हती.

पण खण संपत होते. मी जमेल तेवढे लांबवले. आधी दोन बोटांनी टाइप करायचो, ते एका बोटावर आणलं. मग यंत्र तापलंय, त्याला विसावा हवा, म्हणून अर्धा तास. मग एकदा म्हटलं, "आप्पा, आज अमावास्या. आज हे चुकतंय."

"मशीनला अमावास्या कळती व्हय?"

"आतल्या आत कळतंय त्याला."

"मग पौर्णिमेला जरा जोरात चालत असंल."

"पौर्णिमेला तर ते स्वतःच चार कार्डं टाकतंय, मी नुसता बसतोय."

पोट हललं. आप्पांनी खण बंद केला आणि त्या दिवशी काम झालं नाही, नुसत्या गोष्टी झाल्या. मला वाटलं, फसवलं म्हाताऱ्याला.

नवरात्र आलं तेव्हा एकाहत्तर खण झाले होते. आठ फ्लॉप्या भरल्या होत्या, आठ त्यांच्या नकला. अध्यक्षांनी दसऱ्यानंतरचा रविवार निरोपाला पक्का केला. शाल आणून झाली होती. मी ती बघितली, चांगली होती.

आमच्या वाचनालयात खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. कुणाची कुदळ, कुणाचा ट्रक, तसं आमचं म्हणजे शिक्के, पानं कापायचा सुरा, खळीचा डबा आणि दाखल नोंदवही. ताटात मांडायचं, हळद-कुंकू, झेंडू, नारळ. त्या वर्षी अध्यक्ष म्हणाले, "या वेळी संगणकाचीही पूजा. आणि त्या चकत्याही ताटात ठेवा, खरं काम त्यांचंच."

"नकला पण?" मी विचारलं.

"सगळ्याच. काही ठेवलं, काही वगळलं, असं पूजेत बरं दिसत नाही."

संध्याकाळी सगळे जमले. पडद्याला आंब्याची पानं लावली होती, यंत्राचा अभ्रा काढलेला, काचेच्या कडेला अध्यक्षांनी स्वतः कुंकवाची पाच बोटं ओढली होती. ताट माझ्याकडं होतं. सोळा फ्लॉप्या मी पानाच्या विड्यांसारख्या मांडल्या होत्या, भोकं वर करून. आप्पा माझ्याकडं पाठ करून उदबत्त्या पेटवत होते. बाकीचे नारळ कोण फोडणार यावर वाद घालत होते.

मी कुंकवात पाणी घातलं. बोट बुडवलं. आणि त्या हुबळीच्या पोरानं तीन भाषांत जिथं लावू नको म्हणून सांगितलं होतं, नेमकं तिथं, सोळाच्या सोळा ठिकाणी, चांगलं दाबून टिळा लावला. वर हळद. वर अक्षता.

मनातला हिशेब साधा होता. फ्लॉप्या गेल्या तर कार्डं आहेतच. कार्डं आहेत म्हणजे पुन्हा पहिल्या खणापासून. म्हणजे आप्पा अजून एक वर्ष. त्या वेळी याच्यापेक्षा हुशार विचार बेळगावात कुणाच्या डोक्यात आला नसेल असं मला वाटलं होतं.

आरती झाली. पेढे वाटले.

दसऱ्याची सुट्टी संपवून आम्ही शेवटचा खण घेऊन बसलो. मी पहिली फ्लॉपी घातली. आतून आवाज आला तो मी सात तऱ्हांत सात प्रकारे काढून दाखवतो. खरा आवाज म्हणजे जात्यात खडा आल्यासारखा होता. काचेवर एक ओळ आली, वाचता येत नाही म्हणून. दुसरी घातली, तिसरी घातली. चौथी बाहेर काढली तेव्हा फटीतून लाल चिखल आला. नकलांचंही तेच.

"काय झालं रं?" आप्पांनी विचारलं.

"कुंकू गेलंय वाटतं आत."

मांडीवरचा खण आप्पांनी उचलून बाजूला ठेवला.

अध्यक्ष आले, कार्यकारिणी आली. हुबळीला फोन झाला. तिकडून तो तंत्रज्ञ इतक्या मोठ्यानं ओरडला की फोन नसता तरी ऐकू आला असता. फ्लॉप्या नव्या मिळतील, यंत्र साफ होईल, लिहिलेलं परत येणार नाही. मी खाली मान घालून उभा होतो. म्हटलं, "भक्तीत चूक झाली." आणि खरं सांगतो, मला कुणी रागावू शकलं नाही. देवाच्या कामात चुकलेल्या माणसाला रागावणार कसं? शिवाय काचेवरची पाच बोटं खुद्द अध्यक्षांची. ते घसा साफ करून म्हणाले, "असो. कार्डं शाबूत आहेत. आप्पा आणि हा, दोघं मिळून पुन्हा करतील. आप्पा, आणखी एक वर्ष. तुम्हाला काय हरकत?"

मी आप्पांकडं पाहिलंही नाही. मला उत्तर माहीत होतं.

"मी घरी जातो," आप्पा म्हणाले.

"अहो पण—"

"कार्डं हाईत. ह्या पोराला वाचता येतंय, लिवता येतंय. माझं एकदा वाचून झालं. दुसऱ्यांदा न्हाय हुणार माझ्याच्यानं."

रविवारी शाल दिली. आप्पांनी ती घडी न मोडता डब्याच्या पिशवीत ठेवली, छत्री घेतली आणि येळ्ळूरच्या बसनं गेले. मी बसथांब्यापर्यंत पिशवी घेऊन गेलो. वाटेत मी त्यांना काय सांगत होतो आठवत नाही, काहीतरी गमतीचंच असणार. ते "व्हय, व्हय" म्हणत होते.

मग मी एकटा. चपला बाहेर काढायच्या, दार लावायचं, पंखा यंत्राकडं वळवायचा. खण मांडीवर घेऊन टाइप करता येत नाही, तेव्हा तो आप्पांच्या खुर्चीवर ठेवायचा आणि वाकून बघायचं. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी कार्ड आधी मोठ्यानं वाचतोय आणि मग टाइप करतोय. तसं केल्याशिवाय बोटं हलत नव्हती. एका सभासद बाईंनी दार ढकलून विचारलं होतं, "आत कोण आहे हो तुमच्याबरोबर?" मी म्हटलं, "दिल्लीहून साहेब आलेत." त्यांनी आत पाहिलं, खुर्चीवरचा खण पाहिला आणि दार हळूच लावून घेतलं.

शेऱ्याच्या जागेपाशी आलो की थांबायचो. विहिरीचं आठवत होतं. पोस्टमनचं, काशीच्या शिक्षकांचं, त्या यजमानांचंही. पण हजारो कार्डं होती. बाकीच्यांचं काय सांगितलं होतं आप्पांनी? रोज सात तास ऐकलं होतं आणि मला फक्त त्यांचा आवाज आठवत होता. मग मी रचू लागलो. रचणं मला काय नवं नव्हतं. एका कार्डामागं एक कुस्तीगीर घातला, दुसऱ्यामागं एक पळून गेलेली नवरी. दिवसभर रचलं, संध्याकाळी वाचून पाहिलं. झकास होतं सगळं. एकही माणूस येळ्ळूरच्या त्या विहिरीइतका खरा नव्हता. सगळे पुसून टाकले आणि पुढं शेरा मोकळाच सोडत गेलो. ज्यांचं आठवत होतं त्यांचंही लिहिलं नाही. चारच जागी लिहिणं म्हणजे बाकीच्यांबद्दल आप्पा बोललेच नव्हते असं झालं असतं.

आठ महिन्यांत संपलं. एका बोटानं नाही, दहा बोटांनी. अमावास्याही लागल्या नाहीत. छापून काढलं, तो लांबच्या लांब घडीचा, कडेला भोकं असलेला कागद मी पिशवीत घातला आणि एका रविवारी येळ्ळूरला गेलो. आप्पांना सगळं सांगायचं, असं ठरवून निघालो होतो. बसमध्ये सुरुवातीची वाक्यंही जुळवली होती.

माझ्या डोक्यात आप्पा सोप्यात एकटे बसलेले होते. प्रत्यक्षात त्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. दोन मुलगे, सुना, सहा-सात नातवंडं, भाताची पोती, कुणी शिवणयंत्रावर, कुणी अभ्यासाला. "आप्पा, पाव्हणं आल्यात," म्हणून सुनेनं हाक दिली तेव्हा आप्पा आतून आले ते एका नातीची वेणी घालता घालता. नात मागून ओढत होती. मला तोपर्यंत कधी वाटलंच नव्हतं की आप्पांना घर आहे. बसनं यायचे म्हणजे कुठून तरी येत असणार, एवढंच.

"ये, ये. बस. च्या टाक गं."

मी कागद उलगडला. तो सोप्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेला, पोरं त्यावर ओणवी झाली. आप्पांनी चष्मा लावला. इंग्रजी अक्षरं लावत लावत त्यांनी दोन-चार नावं वाचली. मग बोट सरकत कडेच्या रकान्यावर आलं आणि तिथून खाली, खाली गेलं.

"हितं काय न्हाय," ते म्हणाले.

"व्हय."

"हितं मी बोललो हुतो."

मी तयार केलेलं वाक्य काढलं. "आप्पा, ते कुंकू... मला वाटलं, पूजेत—"

"मशीन बंद हुतं," आप्पा म्हणाले. आवाज चढवला नाही. पोरं बसली होती. "काळी काच. मी उदबत्ती लावालतो तिच्या म्होरं. काचेत समदं दिसतंय रं. ताट दिसत हुतं, तू दिसत हुतास. कुंकवात पाणी घातलास. सोळाच्या सोळांना लावलास. मला वाटलं, आता थांबल, आता थांबल."

चहा आला. मी कप हातात धरून बसलो.

"तवाच का नाही बोललात?"

"काय बोलू? माझं जायाचं दोन वर्सं आधीच ठरलेलं. घरात ही एवढी माणसं, कामाला हात कमी. पोरगं रोज म्हणायचं, आप्पा, बास करा. मी म्हणायचो, थांब जरा, तिकडं एक पोरगं एकटं असतंय. त्या साली शहरात चारदा बंद पाळला. बस न्हाय, सभासद न्हाय, निम्मं दार लावून तू बसलेला. मी चालत आलतो चारी वेळेला. तुला वाटलं असंल, म्हाताऱ्याला वाचनालय सुटंना."

मला तसंच वाटलं होतं.

"आप्पा, थांबा, एवढं एकदा म्हणाला असतास तर आणखी एक वरीस थांबलो असतो," ते म्हणाले. "दोन बी. त्येला काय लागतंय? तू अमावास्या सांगितलीस, मशीन तापलं म्हणालास, नको नको ते सांगितलंस. तेवढं एक सोडून. आन् मग मी बोललेलं समदं पुसलास."

नात वेणीसाठी हात ओढत होती. आप्पांनी तिचे तीन पेड पुन्हा हातात घेतले, शेवटपर्यंत गुंफले, रिबीन बांधली आणि तिला सोडलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठले.

"वैरण टाकायची वेळ झाली. तू बस निवांत. जेवून जा."

ते उंबऱ्यापाशी पोचले होते. मला काय बोलायचं ते त्यांनीच नुकतं सांगितलं होतं, अगदी शब्दांसकट. दोनच शब्द होते. मी तोंड उघडलं.

"आप्पा, येताना बसमध्ये काय झालं सांगतो. एक म्हातारी कोंबडं घेऊन बसलीती. कंडक्टर आला तर कोंबडंच म्हणतंय कसं, आजीचं हाफ काढा, माझं फुल्ल."

आप्पा उंबऱ्यात थांबले. पाठमोरेच. पोट हललं का ते मागून दिसत नव्हतं.

"कोंबडं म्हणालं व्हय," ते म्हणाले आणि गोठ्याकडं गेले.

पोरं मात्र खदखदून हसली. "अजून सांगा की काका," म्हणाली. मी त्यांना अजून दोन सांगितल्या. सुनेनं जेवायचा आग्रह केला, मी काम आहे म्हटलं. कागद घडी करून देत होतो, तर ती म्हणाली, "राहू दे की, आप्पा बघतील." तो तिथंच ठेवला.

वेशीवर येऊन उभा राहिलो. बेळगावची बस आली, ती सोडली. परत जावं, गोठा काही लांब नव्हता. दुसरी आली, तीही सोडली. अंधार पडायला लागला होता. तिसरीत चढलो. कंडक्टरनं विचारलं, "किती?"

"एक," मी म्हटलं.